सकाळी नऊची हजेरी

या अंकाच्या संपादकांनी लेख मागणारं पत्र मला मेलने पाठवलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. "अहो, तुम्ही जन्मभर मेल सांभाळलेत ना? मग आमचाच कसा पोचला नाही?" बोलण्यात राग नव्हता, गंमतच होती, तरी मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांचा मेल शोधायला मी जंक फोल्डर उघडलं. नको असलेले मेल यंत्र आपणहून ज्या कोपऱ्यात टाकतं, तो हा कोपरा. तिथं संपादकांचा मेल होता. आणि आणखी काहीतरी होतं.

ते काय होतं हे आत्ताच सांगितलं तर कुणाला त्यात विशेष वाटणार नाही. त्यासाठी आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल, आणि मुश्ताकभाई कोण हेही.

मी सिल्लोड तालुक्यातल्या एका लहान गावचा. आमच्याकडे मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. सिल्लोडच्या शाळेतल्या एका सरांनी मला एस.टी.त शेजारी बसवून शहरात आणलं, कॉलेजात नाव घातलं आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. कॉम्प्युटर विषय घेऊन पदवी झाली आणि वाळूजच्या एका कारखान्यात, जिथं गाड्यांचे सुटे भाग बनत, मेल सांभाळायची नोकरी लागली.

पहिल्या सुट्टीत घरी गेलो तर आईने भाकरी थापता थापता विचारलं, "काम काय करतूस रं तिथं?"

"कारखान्यातल्या लोकांची पत्रं पोचवतो."

"म्हंजी पोस्टमन हायस व्हय?"

"तसंच समज."

"मंग सायकल दिली का नाय त्यायनी?"

"सायकल लागत नाय आई. पत्रं तारेतून आपली आपण जातात."

आईचा हात थांबला. "आपली आपण जातेत तर तू काय करतूस मंग?"

या प्रश्नाचं उत्तर मी नोकरीभर शोधत राहिलो. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर घोंगडी झटकत होते. ते म्हणाले, "वरडणाऱ्या मेंढराचा घोर नसतो. गप झालं की बघाय जावं लागतं. तसं काय तरी आसंल त्याचं." दादांनी कॉम्प्युटर कधी जवळून पाहिला नव्हता, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला पुढे कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

आता सांगतो ते काम. आमच्या वेळी मोठ्या कारखान्याचं स्वतःचं पोस्ट ऑफिस असे, आणि ते एका यंत्रात असे. त्याला सर्व्हर म्हणायचं. एका थंड खोलीत ते अहोरात्र घरघरत असे. आतल्या माणसाने आतल्याला पाठवलेला मेल तिथल्या तिथं पोचे. बाहेरचा मेल बाहेरच्या तारेने येई आणि आम्ही तो गाळून, तपासून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकत असू. मे महिन्यात आमच्या शहराची भट्टी होते, तेव्हा मेलविषयी ज्यांना जन्मात शंका आली नाही असे लोक शंका विचारायला सर्व्हरच्या खोलीत येत आणि एसीखाली उभे राहून लांबलचक शंका विचारत.

पुढे टेलिफोन, मीटिंग, निरोप सगळंच त्या एका व्यवस्थेत आलं. कंपनीने मोठ्या कौतुकाने जाहीर केलं की आता सगळं एकाच दोरीवर. त्यातली मेख आम्हालाच ठाऊक होती. दोरी तुटली की सगळं एकदम खाली. फोन बंद पडलाय हे सांगायलाही फोन राहत नसे. मग लोक जिना उतरून येत, आणि चालत आलेला माणूस फोनवरच्या माणसापेक्षा जास्त चिडलेला असतो.

एकेक गिऱ्हाईकही नामी. आमचे एक जनरल मॅनेजर आलेला प्रत्येक मेल कागदावर छापून घेत, समासात पेनाने उत्तर लिहीत आणि ते स्टेनोकडून टाइप करून पाठवत. त्यांनी एकदा दिवाळीच्या सुट्टीला जाताना आपल्या पेटीला नियम घातला: कुणाचाही मेल आला की 'मी रजेवर आहे, दिवाळीच्या शुभेच्छा' असं उत्तर आपोआप जावं. हा नियम त्यांनी मला न विचारता, कुठूनसा शिकून, स्वतः लावला होता. तिकडे चेन्नईच्या एका साहेबांनीही तस्साच नियम लावलेला. पहिलं उत्तर गेलं, त्याला उत्तर आलं, त्या उत्तराला उत्तर गेलं. दोन्ही साहेब आपापल्या घरी फराळ करत होते आणि त्यांच्या पेट्या पूर्ण सुट्टीभर एकमेकींना शुभेच्छा देत होत्या. सर्व्हर भरून बंद पडला. साहेब परत आल्यावर म्हणाले, "बघा, माणूस किती सज्जन! प्रत्येक वेळी उत्तर दिलंय."

असल्या गोष्टी हसून सांगायला माणसं लागतात. घरच्यांना त्यातलं कळत नाही, आणि ऑफिसातल्यांना आपण फक्त मेल बंद पडल्यावर आठवतो. म्हणून शहरातल्या निरनिराळ्या कारखान्यांत मेल सांभाळणाऱ्या आम्हा डझनभर लोकांनी एक मंडळ काढलं. नाव मेल मंडळ. महिन्याच्या चौथ्या शनिवारी उस्मानपुऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या मजल्यावर जमायचं. क्लासचे मालक दोन तास खोली देत, आणि आम्ही त्यांचे बिघडलेले कॉम्प्युटर बघून देत असू. बैठकीची एक रीत होती. नव्या सॉफ्टवेअरचं कौतुक सुरू होण्याआधी त्या महिन्यात आपल्या हातून काय बंद पडलं ते एकाने उभं राहून सांगायचं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर मात्र पोटभर.

ही रीत मुश्ताकभाईंची. ते चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात होते, माझ्याहून वयाने आणि अनुभवाने थोरले. उंच, किंचित वाकलेले, खिशाला दोन पेनं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसलो होतो. सगळ्यांच्या तोंडी इंग्रजी शब्द, आणि माझं इंग्रजी पुस्तकातून थेट डोक्यात गेलेलं, तोंडावाटे कधी आलेलं नव्हतं. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले.

"किधर के?"

"सिल्लोडकडचा."

"तो बोलते कायकू नै? सिल्लोडवाले तो बाजार में इत्ता बोलते."

"इंग्रजी जमत नाही, सर."

"सर नक्को. भाई बोल." मग आवाज उतरवून म्हणाले, "सर्व्हर को इंग्रजी आती, बस है. दोनों को आने की जरूरत नै."

त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर बसू लागलो.

आमच्या कामातली एक अडचण अशी की बाहेरची तार बंद पडली तरी आतले मेल चालूच राहतात. सगळं ठीक दिसतं. दुपारी कुणाच्या तरी लक्षात येतं की सकाळपासून बाहेरचा एकही मेल नाही. तोवर नुकसान झालेलं असतं. बाहेरून मेल येतोय का, हे कळायला बाहेरच्या कुणीतरी तो पाठवावा लागतो. मुश्ताकभाईंनी मंडळात तोड काढली. दोघादोघांच्या जोड्या. रोज सकाळी नऊला कामावर आलं की जोडीदाराला एक मेल टाकायचा, त्याने उलट टाकायचा. दोन्हीकडचं येणंजाणं तपासून होतं. आला नाही तर फोन करायचा. याला त्यांनी नाव दिलं हजेरी. माझी जोडी त्यांनी स्वतःशीच लावली.

सुरुवातीला आम्ही कोरा मेल टाकत असू, फार तर आत 'टेस्ट'. काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी त्यांची हजेरी आली नाही. मी फोन लावला, तो व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. फोनही त्याच दोरीवर, म्हणजे त्यांचं सगळंच पडलं असणार. मी स्कूटर काढली. वाळूजहून चिकलठाणा म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तर समोरच्या बाजूला, वाळूजकडे तोंड करून, हेल्मेटमध्ये मुश्ताकभाई.

"तुम्ही इकडं कुठं?"

"तेरा सर्व्हर गिरा ना! फोन बी एंगेज. मै देखने कू आ रा था."

"माझा चालू आहे. तुमचा पडलाय."

"मेरा? मेरा तो मस्त है!"

मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले. आम्ही कडेला गाड्या घेतल्या आणि विचार केला. दोघांचे सर्व्हर धडधाकट होते. रोज एकाच वेळी येणारा तोच कोरा मेल दोन्हीकडच्या गाळणीला संशयास्पद वाटला आणि तिने तो जंकमध्ये टाकला. आणि फोन व्यस्त, कारण दोघंही एकमेकांनाच लावत होतो. चौकातल्या टपरीवर चहा घेताना मुश्ताकभाईंनी हजेरीचा एकमेव नियम केला: कोरा मेल पाठवायचा नाही. रोज एक खरी ओळ लिहायची, आणि कालचीच आज नाही. ती ओळ बघून गाळणीला पटलं पाहिजे की पलीकडे माणूस आहे.

पुढच्या चौथ्या शनिवारी आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून ही गोष्ट सांगितली. क्लासचे मालक हसणं ऐकून जिना चढून वर आले.

नियम झाला, आणि रोज एक ओळ लिहिणं आलं. रोज खरी आणि रोज नवी ओळ लिहायची तर माणूस काय लिहिणार? जे आहे ते. ते हिंदीत, मी मराठीत.

'हजेरी. बेगम नाराज है. कारण मालूम नै. पूछने की हिम्मत नै.'

'हजेरी. मुलीला पहिला दात आला. मलाच आधी चावली.'

'हजेरी. रात कू छत पे सोये. मच्छर ने जगाया. सर्व्हर अच्छा सोया.'

'हजेरी. आईला शहरात आणलं. ती म्हणते इथलं पाणी गोड नाही.'

सीताफळांच्या दिवसांत त्यांच्या ओळी सीताफळांवरच असत. दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या लागल्या की ते रविवारी स्कूटरवर जात आणि सोमवारच्या हजेरीत अहवाल येई: गर किती, बिया किती, बेगमने कितीदा 'पुरे' म्हटलं. नसरीन, त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन हैदराबादला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ओळ आली, 'हजेरी. घर में आवाज नै.' माझे दादा गेले तेव्हा मी गावाकडून त्यांना फोन केला, म्हटलं, उद्यापासून काही दिवस हजेरी जमणार नाही. ते म्हणाले, "तेरी मै लगाता. तू आराम से आ." परत येऊन पाहिलं तर रोज सकाळचा एक मेल होता. पहिला असा: 'हजेरी. आज तुझी मीच लावली.' एवढं वाक्य त्यांनी मराठीत लिहिलं होतं.

गंमत म्हणजे समोरासमोर आम्ही यातलं काही बोलत नसू. उस्मानपुऱ्यात भेटलो की फक्त सर्व्हर, गाळण्या, तारा. घरचं सगळं त्या एका ओळीत. ती माझी सवयच होऊन गेली. सकाळी कामावर जाताना रस्त्यात मी आजची ओळ शोधत असे, आणि शोधायची म्हणून आजूबाजूला नीट बघत असे.

त्या ओळीने एकदा माझी नोकरी वाचवली. डिस्पॅच विभागातल्या एका कॉम्प्युटरला कीड लागली होती आणि आमच्या नकळत तो जगभर भलतेसलते मेल पाठवत होता. अशा वेळी जगातले सर्व्हर तुमचं नाव काळ्या यादीत टाकतात. मग तुमचा एकही मेल कुणी घेत नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. इकडून सगळं 'गेलं' असं दिसतं. त्या दिवशी दुपारपर्यंत एका परदेशी गिऱ्हाइकाला नमुन्यांच्या तपासणीचे कागद जायचे होते. ते गेले नाहीत तर काम दुसऱ्याला मिळणार होतं, आणि त्या कामावर नवी शेड उभी राहणार होती. सगळ्या कारखान्याला ते ठाऊक होतं.

दहाच्या सुमाराला गेटवरून निरोप आला की कुणी मुश्ताक नावाचे गृहस्थ आलेत. मी धावत गेलो. ते हेल्मेटसुद्धा न काढता उभे होते.

"तेरी हजेरी नै आयी."

"पाठवली होती भाई. आज तुरीच्या डाळीवर होती."

"जंक में बी देखा. वहाँ बी नै. तू पूरा काले में है. चल, अंदर ले."

मी फोनवर ऐकून घेतलं असतं आणि दहा मिनिटं म्हटलं असतं, नाही हो, इकडून तर सगळं जातंय. हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते शहर ओलांडून आले. दोघांनी मिळून तो कॉम्प्युटर शोधला, तारेपासून तोडला, आणि काळ्या यादीवाल्यांना विनंत्या पाठवल्या. तोवर गिऱ्हाइकाचे कागद मुश्ताकभाईंनी सीडीवर घालून नेले आणि त्यांच्या साहेबांना विचारून त्यांच्या सर्व्हरवरून रवाना केले. वेळेत पोचले. शेड झाली. तिच्या उद्घाटनाला नारळ फुटला तेव्हा मी मागे उभा होतो. तुरीच्या डाळीची गोष्ट तिथं कुणालाच सांगता येण्यासारखी नव्हती.

मुश्ताकभाईंच्या आग्रहाने एका वर्षी आम्ही पुण्याला आमच्या व्यवसायाच्या मोठ्या संमेलनाला गेलो. देशभरातले मेल सांभाळणारे तिथं जमतात. गळ्यात नावाची पट्टी, खांद्याला फुकटची पिशवी, चकचकीत सभागृह. त्यांनी मला न सांगता आमच्या हजेरीवर बोलायला दोघांची नावं दिली होती. मी मराठीत बोललो, ते त्यांच्या हिंदीत, आणि क्रांती चौकापर्यंत आलो तोवर सभागृह आमचं झालं होतं. शेवटी एक तरुण उठला. चांगला मुलगा होता, खोचकपणा नव्हता. म्हणाला, आता हे सगळं आपोआप तपासणारी सॉफ्टवेअर आहेत, मग तुम्ही हे हाताने का करता?

मुश्ताकभाईंनी माइक जवळ घेतला. "सॉफ्टवेअर हमारे पास बी है. हम रोज उसको देखते. वो हमको नै देखता ना."

लोक हसले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून म्हणाले, "लडका सही बोल रा था. अपना काम अब थोडे दिन का."

तसंच झालं. एकेका कारखान्याने आपला सर्व्हर बंद केला आणि मेल दूर कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर नेला. त्याला क्लाउड म्हणतात. ते फार क्वचित पडतं, आणि पडलं तरी आपल्याला करण्यासारखं काही नसतं. मी त्याला नावं ठेवणार नाही, लोकांची सोय झाली. पण आमचा सर्व्हर बंद केला त्या रविवारी पंख्यांची घरघर थांबली तेव्हा त्या खोलीत मला कान दुखल्यासारखं झालं. आता तिथं स्टेशनरी ठेवतात. मंडळाचे चौथे शनिवारही विरत गेले. कुणी पुण्याला गेलं, कुणी दुसऱ्या कामाला लागलं. क्लास गेला, तिथं आता चष्म्याचं दुकान आहे. त्या रस्त्याने जाताना मी अजून वर बघतो.

हजेरीची गरज संपली होती. आम्ही ती थांबवली नाही. त्यावर कधी बोललोही नाही. ते निवृत्त झाले तेव्हा घरच्या पत्त्यावरून ओळ आली, मी निवृत्त झालो तेव्हा मीही घरच्या पत्त्यावरून लिहू लागलो. भाभी, म्हणजे त्यांच्या बेगम, वारल्यावर ते हैदराबादला नसरीनकडे राहायला गेले. 'हजेरी. यहाँ के सीताफल में बीज जादा है.' फोनवरचे फुलांचे सुप्रभात आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी पाठवले नाहीत.

मग एका सकाळी ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला, तो नसरीनने उचलला. मुश्ताकभाईंना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मी हैदराबादला गेलो. ते खाटेवर टेकून बसवलेले होते, दाढी पांढरी, सदऱ्याच्या खिशाला नसरीनने आठवणीने दोन पेनं लावलेली. मी हात धरला. डाव्या हाताने त्यांनी माझी बोटं थोडी दाबली, की मला वाटलं, कोण जाणे. नजर खिडकीकडे होती. नसरीन हळू आवाजात म्हणाली, "अंकल, कभी पहचानते, कभी नै. डॉक्टर बोले, कितना समझते मालूम नै."

निघताना मी तिला म्हटलं, "मी रोज सकाळी यांच्या पत्त्यावर एक ओळ टाकत जाईन. जमेल तेव्हा दाखव."

"जरूर अंकल. टॅबलेट में दिखाती."

तिला शाळेची नोकरी, दोन मुलं, आणि हे. दाखवतेस का, असं मी तिला परत कधी विचारलं नाही. दाखवते म्हणाली असती तरी त्यांना ते कळतं का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. मी पाठवतोय ते त्यांच्यापर्यंत पोचतंय का? पलीकडे अजून मुश्ताकभाई आहेत का?

आमच्या कामात एक समाधान आहे. पत्ता चुकला, पेटी बंद झाली, तर मेल परत येतो. परत आला नाही, याचा अर्थ, काळी यादी सोडली तर, पोचला. या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं. रोज नऊला ओळ पाठवायची आणि ती परत येत नाही एवढं बघायचं. बायको म्हणायची, "उत्तर येत नाही तर कशाला रोज?" मी म्हणायचो, "परत पण येत नाही ना."

आणि मग संपादकांचा फोन आला आणि मी जंक फोल्डर उघडलं.

संपादकांचा मेल मधे कुठंतरी होता. त्याच्या वर आणि खाली, कर्जाच्या आणि केस वाढवायच्या जाहिरातींच्या अधूनमधून, मुश्ताकभाईंचं नाव होतं. पुन्हा पुन्हा होतं. प्रत्येकावर विषय एकच, 'हजेरी'. वेळ सकाळी नऊची, थोडी अलीकडे थोडी पलीकडे. मी एक उघडला. आत काही नव्हतं. दुसरा उघडला. कोरा. सगळे कोरे.

मी नसरीनला फोन लावला. ती चकित झाली. "मेल? अब्बा? वो तो रोज सुबे नौ बजे टॅबलेट माँगते, अंकल. उंगली से इशारा करते. थोडी देर लेके बैठते, फिर दे देते. हम समझे, फोटो देखते."

डाव्या हाताने अक्षरं जुळवणं त्यांना जमत नव्हतं. माझ्या एखाद्या मेलला उत्तर द्यायचं आणि पाठवायचं, एवढी बटणं जमत होती; 'हजेरी' हा विषय आपोआप येई. कोरा मेल गाळणीत अडकतो हे मुश्ताकभाईंइतकं या शहरात कुणाला माहीत नव्हतं. नियमच त्यांचा. तरी ते रोज पाठवत राहिले. कदाचित त्यांना वाटलं असेल, हा गडी जंक बघतोच. ओळ आली नाही त्या दिवशी त्यांनी स्वतः हेल्मेट घालण्याआधी जंक बघितलं होतं. मी कारखान्यात नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच सांगत असे, मेल मिळाला नाही म्हणून माझ्याकडे येण्याआधी जंक बघ. माझं स्वतःचं मी बघितलं नव्हतं. तिथं ठेवलेलं महिन्याभराने आपोआप पुसलं जातं. माझ्यासमोर होते ते गेल्या महिन्यातले मेल. त्याआधीचे किती आले आणि किती गेले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी एकेक मेल निवडून 'हा जंक नाही' असं यंत्राला सांगत गेलो. बायको चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दौलताबादच्या रस्त्याने जाऊन आलो. टोपल्या लागायला सुरुवात झाली आहे. नऊला लिहिलं, 'हजेरी. सीताफळं आली. गर चांगला आहे, बिया तुमच्याकडच्यापेक्षा कमी.' आणि समोरच बसून राहिलो.

थोड्या वेळाने मेल आला. वर, सगळ्यांच्या आधी, मुश्ताकभाईंचं नाव. मी तो उघडला. आत काही नव्हतं. मी चष्मा पुसला, आणि तो सावकाश वाचला.